रंगाखालची किरकिर

मी एक जुना पल्व्हरायझर आहे. नाव जिभेवर बसत नसेल तर सोडून द्या, मित्रांनो. कुपवाडच्या एमआयडीसीत मला नुसतं 'मशीन' म्हणतात, आणि रहिमतपुरात होतो तेव्हा 'हळदीची गिरण' म्हणायचे. काम एकच. वरच्या तोंडातून हळकुंडं टाकायची, पोटात माझ्या लोखंडी हातोड्या गरगरा फिरतात, खालच्या जाळीतून पिवळी पूड पडते. तुमच्या घरच्या आमटीत, तुमच्या मावशीच्या लग्नात, तुमचा गुडघा फुटल्यावर आईनं दाबलेल्या चिमटीत मी कुठं ना कुठं असतोच.

शाळेच्या वहीत फाटकं पुस्तक आपली कहाणी सांगतं, पडका किल्ला सांगतो. सगळे कसे निवांत बसून सांगतात. मला ते जमणार नाही. मी सेकंदाला साठेक फेरे मारतो. बटण बंद केलं तरी अंगातली थरथर लवकर जात नाही. आणि गेल्या वर्षी दसऱ्यानंतर जे झालं ते आठवलं की बंद असतानाही माझा दांडा आतल्या आत सरकल्यासारखा वाटतो. तेव्हा धाप लागल्यासारखा बोललो तर समजून घ्या.

माझा जन्म कुपवाडचाच. वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं, थंड झाल्यावर साचा फोडला, मी निघालो. काळा, खरबरीत, कडांना धार. मग पोटातून पोलादी दांडा घातला, दांड्यावर हातोड्या बसवल्या आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन बेअरिंगं दिली. बेअरिंग म्हणजे एकात एक दोन कड्या आणि मध्ये पोलादी गोळ्या. सायकलच्या चाकात असतात तशाच, ताकदीला मोठ्या. या गोळ्यांवर माझा सगळा भार. त्या गुळगुळीत फिरतात तोवर मी आहे.

मला विकत घेतलं रहिमतपूरच्या तात्याबांनी. पेठेत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. तिथं माझ्या हाताशी एक तरणा माणूस ठेवला, जैनुद्दीन. मिशी नुकतीच धरलेली, अंगात शर्ट पिवळा, नखं पिवळी. तात्याबा सकाळी आले की आधी विचारायचे, "मशीनचं पोट दुखतंय का बघ रं, जैनू." मग जैनुद्दीन लांब डिसमिस घ्यायचा, त्याचं टोक माझ्या बेअरिंगच्या घरावर टेकवायचा आणि दांडी स्वतःच्या कानाला लावायचा. स्क्रू पिळायच्या त्या हत्यारातून माझ्या पोटातलं सगळं त्याच्या कानात जायचं. गोळी कोरडी फिरते का, पट्टा सैल आहे का, हातोडी झिजली का. डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा, "झकास हाय." नाहीतर, "ग्रीस मागतंय." आणि मी खरोखर ग्रीसच मागत असायचो!

ते दिवस सुखाचे होते. कोरेगाव तालुक्यातल्या बायका लग्नाची हळद घेऊन यायच्या, ओंजळीत पूड घेऊन म्हणायच्या, "लय बारीक पडलीया बया." जैनुद्दीन असा उभा राहायचा की जणू त्यानंच ती दाढेखाली दळली.

दरवर्षी खंडेनवमीला माझी पूजा. हत्यारांची, यंत्रांची पूजा, तुम्हाला माहीत आहे. आदल्या दिवशी जैनुद्दीन मला पुसायचा आणि ऑईलपेंटचा एक हात द्यायचा. तात्याबा नारळ फोडायचे, झेंडूचा हार जैनुद्दीन बांधायचा. याचं कुणाला कौतुक नव्हतं, कारण यात कौतुक करण्यासारखं काही आहे हे कुणाला सुचलंच नव्हतं. एक साल हिरवा रंग, मग चंदेरी, मग निळा. जुना रंग खरवडून काढायला वेळ कुणाकडं? वरून नवा. मी चकचकीत दिसायचो. चकचकीत दिसणं म्हणजे बरं असणं, असं माणसांना फार वाटतं.

आता जे सांगतो ते माझ्या पूजेच्या फोटोत दिसत नाही. माझा आवाज राक्षसी आहे. माझ्याजवळ उभं राहून बोलायचं तर एकमेकांच्या कानात तोंड घालावं लागतं. त्या आवाजात जैनुद्दीन रोज उभा. त्याला कानावर घालायला काही द्यावं असं एकाही मालकाच्या मनात आलं नाही. माझ्या पट्ट्याला जाळीचं कव्हर होतं. माझ्या मोटरीला पावसात ताडपत्री होती. माणसाच्या कानाला काही नव्हतं! माणूस काय, दुसरा मिळतो.

कान एकदम जात नाहीत. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी, मग फोनची घंटी. बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज मागं राहतात, म्हणून माणसाला कळतच नाही की काही गेलंय. तो समोरच्याच्या ओठांकडं बघून बोलायला लागला. घरच्यांना कळलं, शेजाऱ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं कुणीच काही बोललं नाही. तो मात्र रोज सकाळी डिसमिस कानाला लावत राहिला. डोळे मिटायचा. "झकास हाय," म्हणायचा. मग ग्रीस मागत असो वा नसो.

तात्याबा गेले, पेठेतलं दुकान बंद झालं, आणि मला ट्रकमध्ये घालून पुन्हा कुपवाडला आणलं. मशीनबरोबर माणूसही आला. जैनुद्दीननं सांगलीत बिऱ्हाड केलं. नवे मालक वीरधवल. मनानं वाईट माणूस नाही. घाईतला माणूस आहे. घाईतली माणसं वाईट माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात, हे तुम्ही मोठे व्हाल तेव्हा बघालच.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या आतल्या बाजूच्या बेअरिंगमध्ये हळदीची धूळ शिरली. ग्रीसमध्ये कालवली, तिचा चिखल झाला. एका कडीवर तांदळाएवढा खड्डा पडला. प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना टक् करायची, आणि गोळ्या कितीतरी, फेरे सेकंदाला साठ. त्या ठोक्यांनी माझं बिडाचं अंग आतून किरकिरायला लागलं. सेकंदाला हजारो वेळा. दात कोरायच्या यंत्राचा आवाज माहीत आहे ना? तसलं काहीतरी, फिरत असेपर्यंत, हाडाच्या आत. मी ओरडत होतो. पण माझ्या मोठ्या घरघरीखाली ते ओरडणं कुणाच्या लक्षात येईना.

आलं एकीच्या. जैनुद्दीनची मुलगी शिफा. सांगलीत इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नवरात्रात कॉलेजला सुट्टी होती म्हणून बापाचा डबा घेऊन आली, आणि दारातच थबकली.

"अब्बा, याचा आवाज बदललाय," ती त्याच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाली. "आतलं बेअरिंग खराब झालंय."

"कुणी सांगितलं?"

"ऐकू येतंय की."

जैनुद्दीनचं तोंड उतरलं. त्यानं डिसमिस घेतला, माझ्यावर टेकवला, कानाला लावला, डोळे मिटले. "झकास हाय. माझं मशीन हाय हे. मला कळत न्हाई व्हय?"

पोती शिवणारा आकाराम सुई थांबवून म्हणाला, "चाचा, पोरगी इंजिनेर झाली. आता आधी मशीनचं सर्व्हिसिंग करंल, मग तुमचं."

"तुझं आधी करू दे. जिभंला लय तेल लागलंय तुझ्या."

सगळे हसले. शिफा हसली नाही. कारण तिनं बघितलं होतं की बाप माझ्या तोंडासमोर उभा राहतो. मित्रांनो, धावत असताना बेअरिंग अडकलं तर काय होतं ते ऐका. दांडा जागचा सरकतो, हातोड्या माझ्याच कुशीवर आदळतात, फुटतात, आणि तुकडे बाहेर पडायला वाट एकच असते, वरचं तोंड. तिथं जैनुद्दीन हळकुंडं सारत उभा असतो. शिफाला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. म्हणून तर जिवाला थारा नव्हता.

ती वीरधवलकडं गेली. तो फोनवर होता. फोन छातीशी धरून ऐकलं.

"बेअरिंग बदलायचं म्हणजे सगळा दांडा उपसायला लागतोय, शिफा. दिवाळीच्या तोंडावर? गाड्या उभ्या आहेत बाहेर."

"दादा, ते अडकलं तर अब्बा समोर असतात."

"चाचा म्हणतायत झकास हाय, तू म्हणतीस खराब. मी कुणाचं ऐकू?" त्यानं कपाळ चोळलं. "एक काम कर. तुझा तो कंप्युटर लाव. आकड्यात दाखव. दिसलं तर त्याच क्षणाला बंद करतो, शब्द माझा. न्हाई दिसलं तर दिवाळीपर्यंत दोन्ही पाळ्या चालणार, आणि मग कुणी तोंड उघडायचं न्हाई."

झालं. जैनुद्दीनचा जीव एका आलेखावर टांगला गेला.

खंडेनवमीला माझी पूजा झाली. यंदा रंग पोपटी. दसरा उलटल्यावर शिफा आली. तिच्या हातात कॉलेजातून मागून आणलेला सेन्सर होता, पेढ्याएवढा, बुडाला लोहचुंबक. तो अंगावर चिकटवला की माझी थरथर तो मोजतो आणि तारेतून लॅपटॉपला सांगतो. लॅपटॉपवर तिनं पायथन भाषेत लिहिलेला प्रोग्राम. आकारामनं विचारलं, "ह्यो काय करतोय गं?" आणि तिनं जे सांगितलं ते मला इतकं पटलं की तसंच सांगतो.

"आकारामकाका, मसाला दळल्यावर धने वेगळे, मिरची वेगळी, हळद वेगळी काढता येईल?"

"खुळी का काय तू? दळलं ते दळलं."

"मशीनचा आवाज म्हणजे दळलेला मसाला. दांड्याची थरथर, पट्ट्याची थरथर, बेअरिंगची किरकिर, सगळं एकात एक मिसळलेलं. फोरियर नावाच्या फ्रेंच गणित्यानं रीत काढली. मिसळलेली लहर घ्यायची आणि तिच्यात कुठल्या कुठल्या लहरी किती किती आहेत ते परत वेगळं काढायचं. सेकंदाला किती वेळा हलतं, त्याला वारंवारिता म्हणतात. पडद्यावर डावीकडं संथ, उजवीकडं तेज. जी लहर जास्त, तिचा खांब उंच."

जन्मभर मी मिसळत आलो, आणि ही पोरगी मिसळलेलं उलटं दळते! मी चाट पडलो.

तिनं सेन्सर बेअरिंगच्या घरावर लावला. तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला.

"रंग ओला हाय अजून," जैनुद्दीन म्हणाला. "वरखडा काढू नगं. नवमीचा हाय."

तिनं वरून चिकटपट्टी मारली. मला चालू केलं. पडद्यावर पहिल्यांदा शून्यावर एकच उंच खांब उभा राहिला. आकाराम ओरडला, "सापडला! ह्योच बघा रोग!" शिफा ओशाळली. "तो रोग नाही काका. सरासरी वजा करायची राहिली माझी. उभ्या पाण्याची पातळी आहे ती, लाट नव्हे." तिनं एक ओळ घातली, खांब गेला, आणि खरा आलेख आला. साठाच्या जवळ माझ्या दांड्याचा खांब. त्याच्या डावीकडं पट्ट्याचा बुटका. आणि उजवीकडं, जिथं माझी किरकिर दिसायला हवी, तिथं सपाट. पेरणी न झालेल्या रानासारखं सपाट.

वीरधवलनं खांद्यावरून वाकून बघितलं. "काय दिसतंय?"

शिफानं आलेख पुन्हा पुढं-मागं सरकवून बघितला. "काही... नाही दिसत."

"मग झालं तर."

जैनुद्दीननं माझ्या पाठीवर थाप मारली, एवढा मोठा हसला. "मी म्हणत हुतो. बेटी, पुस्तकात समदं नसतंय." तो खूश होता, आणि त्याची खुशी बघून मला संताप आला. त्याच्यावर नाही. कुणावर ते मलाही सांगता येईना. अहो, मी बोंबलतोय! सेन्सर माझ्या अंगावर बसलाय आणि कोसभर लांब असल्यासारखा बहिरा आहे. हार घातलात, नारळ फोडलात, आता हा काटेकोर यंत्राचा निवाडासुद्धा माझ्याविरुद्ध!

दोन पाळ्या सुरू झाल्या. बेअरिंगचं घर हात लावू नये इतकं तापायला लागलं. जैनुद्दीन म्हणायचा, "उन्हाचा ताप हाय." मग रात्रीच्या पाळीला कसलं ऊन?

शिफा मात्र घरी बसली नाही. कॉलेज सुटलं की यायची, पोत्यांच्या थप्पीवर बसायची, लॅपटॉपच्या बटणांत हळद. आधी तिला वाटलं प्रोग्राम चुकला. म्हणून तिनं प्रोग्राममध्येच दोन खोट्या लहरी बनवल्या, एक संथ, एक तेज. एकमेकींत कालवल्या आणि फोरियरच्या चाळणीत टाकल्या. चाळणीनं दोन्ही अचूक वेगळ्या काढल्या. ती नख खात बसली. चाळणी बरोबर आहे. मग चाळणीपर्यंत काय पोचतच नाही?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला बंद केलं होतं. जैनुद्दीन माझ्याकडं पाठ करून स्टुलावर बसला होता, डबा उघडून. शिफानं सेन्सर जुन्याच जागी लावला, प्रोग्राम सुरू केला, मोठा पाना उचलला आणि माझ्या बेअरिंगच्या घरावर हाणला.

टण्णऽऽ!

आकारामच्या हातातला चहा मांडीवर सांडला. बाहेर ट्रकखाली झोपलेलं कुत्रं केकाटत पळालं. वीरधवल ऑफिसातून धावत आला. "काय पडलं?"

शिफा पडद्याकडं बघत होती. तिच्या कानात अजून घंटा वाजत होती आणि पडद्यावर उजवीकडं काहीच नव्हतं. तिनं पुन्हा हाणला. टण्णऽऽ! पुन्हा सपाट.

आणि जैनुद्दीननं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला.

मग त्याला आकाराम दिसला, ओल्या मांडीनं त्याच्याकडं टक लावून बघणारा. वीरधवल दिसला. "काय रं? माझ्या तोंडाला काय लागलंय?" आकारामनं हनुवटीनं मागं दाखवलं. तो वळला. लेकीच्या हातात पाना दिसला.

"तू मारलास?"

तिनं मान हलवली.

"कवा?"

मित्रांनो, हा एवढासा शब्द. मी लोखंड आहे, पण त्या शब्दानं मला तडा गेल्यासारखं झालं.

"आत्ताच, अब्बा. दोनदा."

घरात इतकी वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते कारखान्यात सगळ्यांसमोर उघडं पडलं. जैनुद्दीननं हातातला घास डब्यात ठेवला. झाकण लावलं.

शिफा त्याच्यासमोर खाली बसली, त्याला ओठ दिसतील अशी. "तुम्ही एकटे नाही, अब्बा. याला पण ऐकू आलं नाही." तिनं सेन्सर उचलून दाखवला. मग माझ्या अंगावर तो होता त्या जागी नख रुतवलं. नख आत गेलं. मेणात जावं तसं. "मध्ये रंग आहे. थरावर थर. गादीवर कान ठेवून भिंतीपलीकडचं ऐकल्यासारखं होतंय. जाड थरथर येते, बारीक किरकिर रंगच गिळतो."

"माझा रंग?"

"हो."

तो उठला. मला वाटलं आता चिडेल, लेकीला घालवून देईल. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. पोपटी रंगावर अजून हळदीकुंकवाची बोटं होती. शिफानं खरवडायची लोखंडी पट्टी हातात घेतली होती.

"दे ती पट्टी हिकडं," तो म्हणाला. "तू खरवडलंस तर लोखंडाला वरखडं पडतील. रीत असती."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं तळहाताएवढी जागा खरवडली. पोपटी निघाला. खाली मधल्या सालांचे कितीतरी थर, मग निळा, कुपवाडला आलो त्या वर्षाचा. "ह्यो शिफा पहिलीत गेली तवाचा," असं काहीसं तो पुटपुटला. मग चंदेरी. मग हिरवा, तात्याबांच्या आवडीचा, तो काढताना हात थांबला थोडा. शेवटी तांबडा, अगदी पहिला. त्याखाली मी. काळा, खरबरीत. इतक्या वर्षांत मला वारा लागला नव्हता. पॉलिश पेपरनं घासून त्यानं जागा आरशासारखी केली. सेन्सर जवळ नेला, तो खट्‌कन स्वतःहून बसला.

"चालू करा. आणि कुणी समोर थांबू नका," शिफा म्हणाली.

मी फिरायला लागलो. पडद्याची उजवी बाजू उसळली! उंच खांब, त्याच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर लहान खांब, फणीच्या दातांसारखे. शिफानं दोन दातांमधलं अंतर मोजलं, आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांचा हिशोब केला. जुळलं. ती रडत होती की हळद डोळ्यांत गेली होती, कोण जाणे.

वीरधवलनं पडद्याकडं बघितलं. मग दाराबाहेरच्या गाडीकडं बघितलं. "कळलं. पण चाचा, आजची पाळी तेवढी..."

"मालक," जैनुद्दीन म्हणाला. आवाज चढवला नाही. "मग हितं तुमी उभं ऱ्हावा. मी हापिसात बसतो."

जैनुद्दीननंच जाऊन मेन स्विच खाली ओढला. माझा दांडा फिरत फिरत थांबला, आणि वीरधवल माझ्या तोंडासमोरच्या मोकळ्या जागेकडं बघत म्हणाला, "शब्द दिला होता मी. उघडा."

दांडा उपसला. आतल्या बेअरिंगमध्ये काळपिवळा चिखल. गोळ्यांना धरून ठेवणारी पिंजरी एका जागी तुटलेली, दुसऱ्या जागी तुटायच्या बेतात. जैनुद्दीननं कडीतल्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. मग वर, माझ्या तोंडाकडं बघितलं, जिथं तो रोज उभा राहतो. आकाराम हळूच म्हणाला, "चाचा, आज भाकरी पुरी खावा." या वेळी कुणी हसलं नाही, पण चाचानं डबा उघडला.

नवं बेअरिंग बसलं. गाड्या एक पाळी उशिरा गेल्या. आभाळ कोसळलं नाही.

दिवाळीनंतर शिफानं बापाला सांगलीत कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथंही म्हणे तेच. कानाला यंत्र लावतात, संथ सूर, तेज सूर ऐकवतात, ऐकू आलं की बोट वर करायचं, आणि त्याचा आलेख निघतो. जैनुद्दीनचं बोट जाड सुरांना वर झालं. बारीक सुरांना मांडीवरच राहिलं. आलेखाची उजवी बाजू रिकामी. रंग असतानाच्या माझ्या आलेखासारखीच. फरक एवढाच, की माझा रंग खरवडता आला.

आता कारखान्यात कानावर घालायच्या जाड वाट्या आल्या आहेत. वैमानिक घालतात तशा दिसतात म्हणून आकाराम त्यांना 'इमान उडवायचं सामान' म्हणतो, पण घालतो. जैनुद्दीनही घालतो. कशाला, आता काय राखायचं राहिलंय, असं एकदा कुणीतरी म्हणालं. तो म्हणाला, "चिमण्या गेल्या. नातवंडांचा आवाज अजून ऐकायचा राहिलाय."

यंदाची खंडेनवमी परवाच झाली. जैनुद्दीननं रंगाचा डबा आणला, निळा. सगळीकडं हात मारला, आणि त्या तळहाताएवढ्या जागेपाशी आला तेव्हा कुंचला बाजूनं फिरवला. तिथं रंग नाही, कुंकू नाही, हारही जरा वर बांधलेला. नुसतं तेलाचं बोट. पूजेला आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, "चाचा, एवढं राहिलं की." तो म्हणाला, "राहिलं न्हाई. ठेवलंय."

तिथं गंज चढतो, मित्रांनो. कॉलेज संपल्यापासून शिफा रोज सकाळी येते, घासते, सेन्सर लावते. पुन्हा चढतो, पुन्हा घासते. मी अजूनही स्वस्थ नाही, नव्या बेअरिंगलाही एक दिवस धूळ खाणारच. पण आता ओरडलो तर वाट मोकळी आहे.

तुमच्याकडून मला हार नको. तुमच्या घरात पिठाची चक्की असेल, शेतावर पंप असेल, बापाची दुचाकी असेल, आणि त्यांच्याजवळ रोज उभं राहणारं कुणीतरी असेल. सणाला त्यांना सजवा, माझी ना नाही. पण हात एवढा जाड मारू नका की खालचं ओरडणं बुजून जाईल. आणि घरात कुणी ओठांकडं बघून बोलायला लागलं असेल तर ते न दिसल्यासारखं करू नका. त्याच्यासमोर जाऊन बसा.

रोज सकाळी जैनुद्दीन येतो. डिसमिस आता खिळ्याला टांगलेला असतो. तो उघड्या जागेवर तळहात ठेवतो, डोळे मिटत नाही, पडद्याकडं बघत बसलेल्या लेकीला विचारतो, "काय म्हणतंय?"

आणि ती सांगेपर्यंत हात उचलत नाही.